अठ्ठावन्न वर्षांचे जहाज, बहात्तरीचे खलाशी

'एलएसटी' म्हणजे रणगाडे वाहून नेणारे जहाज. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अशी हजाराहून अधिक बांधली. दिसायला बेढब, चालीला मंद. नाव नाही, नुसता क्रमांक. खलाशीच थट्टेने म्हणत, 'शत्रूसाठी मोठे, संथ लक्ष्य!' पण बूड सपाट असल्याने ते थेट किनाऱ्याच्या वाळूला भिडे. पुढची दोन दारे उघडली, की रणगाडे आणि ट्रक खाली उतरत. धक्का नको, बंदर नको.

त्यांतलेच एक क्रमांक ३२५. १९४३ मध्ये ते सिसिलीला आणि सालेर्नोला गेले. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीला. पुढे खाडी ओलांडून चाळीसहून अधिक खेपा. २८ डिसेंबर १९४४ रोजी 'एम्पायर जॅव्हलिन' हे सैनिकवाहू जहाज बुडाले, तेव्हा त्यावरील सुमारे ७०० जणांना ३२५ने वाचवले. लढाऊ जहाजांच्या शौर्यकथांत या हमालाला मात्र फारशी जागा मिळाली नाही.

१९६४ मध्ये ते ग्रीसला गेले आणि तिथे त्याला 'सीरोस' हे नाव मिळाले. १९९९ पर्यंत ते राबले.

मग २००० साली काही निवृत्त अमेरिकन नौसैनिक क्रीटला पोहोचले. सरासरी वय ७२. नातवंडे खेळवायचे दिवस, पण या आजोबांनी गंज खरवडला, जुनी इंजिने चालू केली आणि ऐन हिवाळ्यात अटलांटिक ओलांडला! १० जानेवारी २००१ रोजी जहाज अलाबामातील मोबाइल बंदरात शिरले. २००५ पासून त्याचा मुक्काम ओहायो नदीकाठच्या इव्हान्सव्हिलला आहे. युद्धकाळात त्याची १६७ भावंडे याच गावाने बांधली होती.