मुतखडा, बिअर आणि माझा छंद

मला पदार्थ आंबवण्याचा छंद आहे. घरी बिअर करायला आपल्याकडे परवाना लागतो, म्हणून माझी मजल कांजी आणि आल्याच्या आंबवलेल्या सरबतापर्यंतच! पण प्रवासात जवळ एखादी छोटी ब्रुअरी असेल, तर मी ती बघायला जातोच.

त्यातली सर्वांत आवडलेली म्हणजे ब्रुसेल्समधली कांतियाँ. ही ब्रुअरी 1900 साली सुरू झाली. इथे यीस्ट विकत आणत नाहीत. बार्लीच्या माल्टचा आणि गव्हाचा गोड काढा जुन्या हॉप्सबरोबर उकळतात आणि माळ्यावरच्या उथळ तांब्याच्या हौदात रात्रभर उघडा ठेवतात. हवेतले आणि वास्तूतले जंतू त्यात आपोआप पडतात. म्हणून हे काम फक्त थंडीच्या महिन्यांत चालतं. पुढे तो काढा ओकच्या पिंपांत एक ते तीन वर्षं मुरतो.

डॉक्टर म्हणून मला गंमत वाटली ती जंतूंच्या क्रमाची. सुरुवातीचे काही आठवडे त्यात ई. कोलायच्या कुळातले जंतूही वाढतात. मग यीस्ट अल्कोहोल तयार करतं, आम्लता वाढते आणि हे जंतू मरतात. दह्यात किंवा इडलीच्या पिठातही आम्लताच आपलं रक्षण करते. ही आम्लता मोजायची पीएच पट्टी सोरेनसेन यांनी 1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. आज आयसीयूमध्ये रुग्णाच्या रक्ताचा पीएच बघताना आपण बिअरवाल्यांचंच देणं वापरत असतो!

माझा हा छंद कळला की पेशंट हमखास विचारतात, "डॉक्टर, मग बिअर चांगलीच ना? मुतखडा पडतो म्हणे!"

नाही. बिअरने लघवी जास्त होते हे खरं, पण नंतर शरीरातलं पाणी कमी होतं. बिअरमुळे युरिक अ‍ॅसिड वाढतं. त्यातून गाऊटचा त्रास आणि युरिक अ‍ॅसिडचे खडेही होऊ शकतात. लहान खडे, विशेषतः 5 मिमीपेक्षा कमी, बहुतेकदा आपोआप पडतात. श्रेय मात्र बिअरला मिळतं! लघवी वाढवायला भरपूर साधं पाणी पुरतं.

आता थोडा हिशोब करू. 5 टक्क्यांच्या 330 मिली बिअरमध्ये सुमारे 13 ग्रॅम अल्कोहोल असतं. आपल्याकडची 8 टक्क्यांची 650 मिलीची 'स्ट्राँग' बाटली घेतली, तर ते सुमारे 41 ग्रॅम होतं, म्हणजे तिपटीहून जास्त. "एकच बिअर घेतो" या वाक्याला म्हणूनच काही अर्थ नसतो. बाटलीवरचा टक्का आणि मिली वाचा. अल्कोहोल कॅन्सरच्या सिद्ध कारणांमध्ये मोडतं आणि पूर्ण सुरक्षित असं त्याचं प्रमाण नाही. 'हातानं बनवलेली' बिअरही याला अपवाद नाही.

ब्रुअरीत मी दोन-तीन घोट चव घेतो, बाकी वेळ पिंपं बघण्यात आणि प्रश्न विचारण्यात जातो. त्यातही मजा पुरेशी असते.

यकृताचा आजार, गाऊट, गरोदरपण किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर तो घोटही नको. आणि जे घेत नाहीत, त्यांनी तब्येतीसाठी म्हणून सुरू करू नये.