गाळणी दोन मायक्रॉनची

आमच्या सौ. धारवाडच्या. माहेर कन्नड, सासर मराठी. त्यामुळे आमच्या बेळगावच्या घरात दोन्ही भाषा एकाच ताटात वाढल्या जातात. मी कॉलेजात मराठी शिकवतो, तेव्हा घरातल्या भाषेची राखणदारी आपल्याकडे, असे मीच ठरवून टाकले होते. लेक तेव्हा बारावीला होती. ती बोलता बोलता कन्नड शब्दाला मराठी प्रत्यय लावायची आणि मी तिथल्या तिथे तिला दुरुस्त करायचो. हे आधीच का सांगतो ते पुढे कळेल. आता डिझेल फिल्टरची गोष्ट.

मराठीच्या प्राध्यापकाचा डिझेल फिल्टरशी काय संबंध, असे कुणीही विचारील. संबंध आला तो मेहुण्यामुळे. सौ.चा धाकटा भाऊ पणजीत नोकरीला आहे. दोन मित्रांबरोबर त्याने एक जुनी शिडाची बोट घेतली आहे, सव्वीस फुटी. शिडाच्या बोटीला डिझेल कशाला, हा माझा पहिला प्रश्न होता. वारा पडला की परत यायला, जेटीला लागताना आणि अडचणीत सापडल्यावर सुटायला लहानसे इंजिन लागतेच, असे त्याने समजावले. बोट मांडवीत उभी असते. मांडवी म्हणजे आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादईच. याच नदीतल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ नावाच्या बोटीतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यामुळे गोव्यातली ती बोटही मला आपल्याच पाण्यावरची वाटते.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गोव्याला जायचे ठरवले. आदल्या दिवशी मेहुण्याचा फोन आला, “भावजी, बरुवाग डिझेल फिल्टरदु एरडु एलिमेंट तगोंड बर्री. हत्तु मायक्रॉनदु.”

ट्रक आणि जनरेटरचे सुटे भाग मिळतात त्या दुकानात मी गेलो. एकाच मापात तीन प्रकार निघाले: तीस मायक्रॉन, दहा आणि दोन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. आकडा जितका लहान तितकी गाळणी बारीक, एवढे दुकानदाराने सांगितले. मी मनाशी म्हटले, बारीक मिळत असताना जाड कशाला न्यायचा? दोन्ही एलिमेंट दोन मायक्रॉनचे घेतले. मेहुण्याला एवढेच कळवले, “आणलेत.”

चोर्ल्याच्या घाटात लेक म्हणाली, “बाबा, गाडी जरा निल्लसा ना, फोटो काढते.” मी म्हटले, “निल्लसा नव्हे, थांबवा.” गाडी थांबवली, पण तिने फोटो काढला नाही. कानात इयरफोन घालून बसली ती पणजी येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोटीवर गेलो. मेहुणा शिडाच्या दोऱ्या लावत होता. फिल्टर कसा बदलायचा हे त्याने मला पूर्वी दाखवले होते. “मी बसवतो,” म्हणून मी मोठ्या हौसेने खाली उतरलो. टाकीचा कॉक बंद केला, जुना एलिमेंट काढला, नव्या रबरी रिंगेला डिझेलचे बोट फिरवून नवा बसवला, एअर काढली. इंजिन एका झटक्यात सुरू झाले. मेहुणा म्हणाला, “शाब्बास भावजी!” आकडा त्याने पाहिला नाही आणि मी सांगितला नाही.

पणजी मागे टाकून आम्ही आग्वादच्या तोंडाशी आलो. वायव्येचा वारा वाढला होता, बोट चांगलीच हिंदकळू लागली. तेवढ्यात इंजिनचा आवाज बदलला. वर चढला, खाली आला, पुन्हा चढला आणि बंद पडला. वारा आम्हाला मिरामारच्या बाजूच्या उथळ वाळूकडे ढकलत होता. सौ.नी माझा दंड धरला. त्यांना पोहता येत नाही. मला येते, पण त्या क्षणी तेही आठवत नव्हते.

मेहुण्याने सुकाणू लेकीच्या हाती दिले आणि स्वतः शिडाकडे धावला. आधीच्या सुट्ट्यांत तिने थोडे शिकून घेतले होते. “बलक्के वळव! साक, साक! आता हंगच धरून ठेव!” असे त्याचे ओरडणे आणि तिचे “हूं मामा!” शीड भरले, बोट कलली आणि हळूहळू खोल पाण्याकडे वळली. त्या पाच मिनिटांत बोटीवर एकही वाक्य शुद्ध मराठीत किंवा शुद्ध कन्नडात बोलले गेले नाही, आणि एकाही शब्दाचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही.

बोट सावरल्यावर मेहुण्याने फिल्टर उघडला. खालच्या पारदर्शक वाटीत बोटभर पाणी होते आणि एलिमेंटवर काळपट, बुळबुळीत थर. त्यावरचा ‘२’ हा आकडा त्याने वाचला, माझ्याकडे पाहिले आणि काही बोलला नाही. कपाटात तीस मायक्रॉनचा एक कोरा एलिमेंट पडला होता. तो बसवला, वाटीतले पाणी एका बाटलीत काढून घेतले, एअर काढली आणि इंजिन पुन्हा सुरू झाले.

रात्री जेवताना त्याने समजावून सांगितले. पावसाळाभर बोट उभी राहते. टाकी अर्धी रिकामी असेल तर आतल्या दमट हवेचे पाणी होते. ते डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसते. जिथे पाणी आणि डिझेल भेटतात तिथे जंतू आणि बुरशी वाढते. बोट उभी असते तोवर हा गाळ शांत असतो. लाटांत टाकी घुसळली की तो वर येतो. म्हणूनच फिल्टर नको तिथे, नको त्या वेळी तुंबतो.

“मग बारीक फिल्टर चांगलाच की,” मी शेवटचा बचाव केला.

“बारीक पाहिजेच,” तो म्हणाला, “पण तो इंजिनजवळ, दुसऱ्या नंबरला. टाकीजवळच्या पहिल्याने मोठी घाण आणि पाणी अडवायचे. सगळे काम पहिल्याच दारात केले, तर दार बंद पडते.”

सौ. म्हणाल्या, “पीठ आधी साध्या चाळणीतून चाळतात. वस्त्रगाळ नंतर.”

मी लेकीकडे पाहिले. ती मान खाली घालून जेवत होती. गेल्या वर्षभरात जेवताना ती माझ्याशी किती कमी बोलत होती, हे मला त्या ताटावर कळले. तिच्या तोंडातून शब्द बाहेर पडायच्या आत मी दोन मायक्रॉनची गाळणी लावत होतो. वाक्य आधी येऊ द्यावे, ते नीटनेटके करायला पुढे वेळ असतो, हे मी वर्गात मुलांना सांगतो. घरात विसरलो होतो.

आता बोटीची एक वही माझ्याकडे आहे. पावसाळ्यापूर्वी टाकी काठोकाठ भरायची, ओलाव्याला जागा ठेवायची नाही. प्रत्येक फेरीआधी वाटीत पाणी दिसते का ते पाहून काढून टाकायचे. पहिला फिल्टर दहाचा, इंजिनजवळचा दोनचा. दोन्ही दर हंगामाच्या सुरुवातीला नवे आणि प्रत्येकाचे दोन जादा बोटीवर. बदलल्याची तारीख फिल्टरवरच पेनने लिहायची. आकडा मेहुण्याला मोठ्याने वाचून दाखवायचा, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

कन्नडमध्ये गाळण्याला ‘सोसु’ म्हणतात, आणि आपल्या मराठीत ‘सोसणे’ म्हणजे सहन करणे. इतकी वर्षे दोन्ही भाषा घरात असून हे शेजारपण माझ्या ध्यानात आले नव्हते.

परवा लेक स्वयंपाकघरातून ओरडली, “बाबा, चहा सोसू का?”

मी म्हटले, “सोस.”