अध्यक्ष ओळखणारी कौंटी

मतपेटीकडून भविष्य वदवून घेण्याचा मोह शहाण्यांसही आवरत नाहीं. अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांतली विगो कौंटी याचें उत्तम उदाहरण होय. १८८८ पासून २०१६ पर्यंतच्या ३३ अध्यक्षीय निवडणुकांत तिचा कौल दोनदांच चुकला : १९०८ सालीं व १९५२ सालीं. टेर होट हें तिचें मुख्य शहर. समाजवादी पुढारी यूजीन डेब्ज यांचें जन्मस्थान. कोळशाच्या खाणी, आगगाड्या, विद्यापीठ आणि भोंवतालचीं शेतें यांच्या मिसळीमुळें तेथें साऱ्या देशाचें प्रतिबिंब पडतें, असें पुष्कळांस वाटे.

ओबामांस दोनदां निवडणाऱ्या या कौंटीनें २०१६ सालीं ट्रंप यांस मतें दिलीं. २०२० सालींही तिनें त्यांसच कौल दिला, पण निवडून आले बायडन. २०२४ सालीं तिचा कौल पुन्हां खरा ठरला. आरसा पुन्हां लख्ख झाला, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. कौंटीचा कल तोच राहिला. देश तिच्यापाशीं आला, इतकेंच.

मतदार आपल्या संसाराची काळजी मतपत्रिकेवर उमटवितो आणि आपण तींत शकुन पाहतों. कौल बरोबर आला कीं चुकला, हें विचारण्याआधीं तो तसा कां लागला, हें विचारावयास नको काय?