दोन मिनिटांचा विमानप्रवास

बालमित्रांनो, एक गणित सोडवा पाहू! दोन विमानतळांमधलं अंतर आहे २.७ किलोमीटर. विमानाचा वेग ताशी १८० किलोमीटर धरा. मग प्रवासाला वेळ किती लागेल?

"छे! एवढ्याशा अंतरासाठी कुणी विमान उडवतं का?" असं तुम्ही म्हणाल. खरंच की! मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टीच तीन किलोमीटरहून लांब आहे. पण हे अंतर मनातलं नाही, अगदी खरं आहे.

नकाशात स्कॉटलंड शोधा. त्याच्या उत्तर टोकाच्या वर समुद्रात ठिपके दिसतील. ही ऑर्कनी बेटं. लहानमोठी मिळून सुमारे ७०. त्यांतल्या जेमतेम वीसेक बेटांवर माणसं राहतात. त्यांपैकी दोन शेजारी म्हणजे वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे. 'पापा' म्हणजे बाबा नव्हे हं! पूर्वी तिथे राहणाऱ्या ख्रिस्ती धर्मगुरूंवरून हे नाव पडलं.

या दोन बेटांमध्ये १९६७ साली विमानसेवा सुरू झाली. ठरलेल्या वेळापत्रकानुसार चालणारा हा जगातला सर्वांत छोटा विमानप्रवास. विमानही छोटंसं, दोन पंख्यांचं. आठ-नऊ प्रवासी बसले की भरलं! कधी कधी एखाद्या प्रवाशाला चक्क वैमानिकाच्या शेजारी जागा मिळते. धावपट्टी साधारण अर्धा किलोमीटर.

आता गणिताकडे वळू. ताशी १८० म्हणजे मिनिटाला ३ किलोमीटर. उत्तर आलं ५४ सेकंद. पण वेळापत्रकात लिहिलंय दोन मिनिटं! असं का बरं? कारण विमान सगळा वेळ एकाच वेगाने जात नाही. उडताना त्याला वेग घ्यावा लागतो, उतरताना तो कमी करावा लागतो. शिवाय वारा समोरून आला तर वेळ वाढतो, पाठीमागून आला तर वाचतो. वारा अनुकूल असताना हा प्रवास एकदा ५३ सेकंदांत झाला आहे.

मग एवढा खटाटोप कशासाठी? अहो, मध्ये समुद्र आहे! छोटी बोटही जाते, पण तिला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि समुद्र खवळला की ती बंद. पापा वेस्ट्रेवर माणसं शंभराच्या आतच. एवढ्याशा वस्तीत इस्पितळ कुठलं? मोठ्या वर्गांची शाळा कुठली? म्हणून रुग्णाला गावाबाहेर न्यायला, डॉक्टरांना, शिक्षकांना यायला हे विमान लागतं. तुमच्याकडे एस.टी. येते ना, तसंच! अशी सोय नसती, तर हळूहळू लोक बेट सोडून गेले असते. आणि तिथली वस्ती काही आजकालची नाही. दगडांनी बांधलेलं, पाच हजार वर्षांहूनही जुनं एक घर त्या बेटावर अजून उभं आहे.

दोस्तांनो, अंतर नुसतं किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. मध्ये काय आहे, तेही पाहावं लागतं. आपल्याकडे खाडीपलीकडचं गाव डोळ्यांना दिसतं, पण पूल नसला तर केवढा वळसा पडतो!

आता तुमचा गृहपाठ. नकाशावर पट्टी ठेवून तुमच्या गावापासून शेजारच्या गावाचं सरळ अंतर काढा. मग रस्त्याचं अंतर आईबाबांना विचारा. दोन्हींत फरक किती येतो? आणि तो कशामुळे? नदी, डोंगर, की आणखी काही? वहीत लिहून ठेवा बरं!