दुसरं अक्षर

माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधात ऋणनिर्देशाचं दीड पान आहे. मार्गदर्शक, विभागप्रमुख, ग्रंथालयातली माणसं, वसतिगृहातल्या मैत्रिणी, आई-बाबा सगळे आहेत. प्रबंध टाइप करून देणारे अकोल्याचे काकासुद्धा आहेत. जिच्या मळ्यात त्या प्रबंधाचा तिसरा हिस्सा उगवला, ती अंजनगावची आजी मात्र नाही. तिचा मळा आहे, पण 'टी-३' या नावानं. टी-१ म्हणजे उघडं शेत, टी-२ म्हणजे ५० टक्के सावलीची हिरवी जाळी आणि टी-३ म्हणजे 'पारंपरिक पद्धत'. पद्धतीला आजी नसते.

विषय होता पानपिंपरी. पुस्तकात पिंपळी म्हणतात. सुंठ, मिरी, पिंपळी या त्रिकटूतली तिसरी. वेल नागवेलीच्याच कुळातली, नुसतं पान पाहून नवखा माणूस फसतोच. तिला ओल हवी, ऊब हवी आणि डोक्यावर सावली हवी. केरळात ती नारळाच्या बागेत सुखानं वाढते. तिथल्या कृषी विद्यापीठानं 'विश्वम' नावाचा वाणही काढलाय. पण हीच वेल अकोट, तेल्हारा, अंजनगाव सुर्जी या पट्ट्यातल्या बारी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पानमळ्यात जगवली आहे, जिथे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. हे कसं जमतं, ते मला मोजायचं होतं.

मी दर्यापूरकडची, खारपाणपट्ट्यातली. आमच्या विहिरीचं पाणी चहालाही चालत नाही. आम्हाला पऱ्हाटी ठाऊक, तूर ठाऊक, हरभरा ठाऊक. औषधी वनस्पती म्हणाल तर कडुलिंबावर चढलेली गुळवेल, आणि तिच्यासाठी कुणी कधी काही केल्याचं मला आठवत नाही. १९९६ च्या जुलैत मी शकुंतलेनं अंजनगावला गेले. शकुंतला म्हणजे आमची मूर्तिजापूर-अचलपूर नॅरोगेज गाडी; ती आता बंद आहे. मावशी अंजनगावला राहायची. राहायला तिचं घर आणि पहिल्या दोन प्रयोगांना तिचं शेत, अशी सोय झाली. तिसऱ्यासाठी तिनंच मला आजीकडे नेलं.

मळ्याच्या तोंडाशीच आजीनं अडवलं. "चपला भायेर." मळ्यात अनवाणीच जायचं, हा तिथला नेम. आत पाऊल टाकलं आणि तळव्यांना गार ओली माती लागली. शेवरी आणि पांगाऱ्याच्या ओळी, त्यांना बिलगलेल्या वेली आणि कडेनं वारा अडवायला तुऱ्हाट्यांचा कुड. बाहेर उन्हानं डोळे दिपत होते. आत कुणीतरी दिवा बारीक केल्यासारखं वाटलं.

मी एका रोपवाटिकेतून आणलेली कलमं तिला दाखवली. तिनं एकेक वेल हातात घेऊन पाहिली आणि त्यातल्या काहींवर फुटलेली लांब, बारीक कणसं बोटानं उडवली. "हे काय कामाचं? याले फळ नाई येत." पिंपळीत नर वेल वेगळी आणि मादी वेगळी, हे मी परीक्षेत लिहून आले होते. नराचं कणीस लांब आणि सडपातळ, मादीचं आखूड आणि जाड, हेही लिहिलं होतं. तरी पैसे देऊन बरेचसे नरच घेऊन आले होते. आजीनं आपल्या मळ्यातून मादी वेलीचे दोन कवळे भरून फाटे तोडून दिले. पैसे विचारले तर म्हणाली, "उसने ने. तुयी वेल झाली का आणून दे." तिन्ही ठिकाणी लावलेली वेल त्या दोन कवळ्यांतली आहे.

पुढचं दीड वर्ष मी रोज तीन ठिकाणी जाऊन तापमान, ओलावा, पानांची संख्या आणि कणसांची संख्या लिहीत होते. उघड्या शेतातली वेल पहिल्याच मे महिन्यात करपली; पाणी देऊनही पानांच्या कडा जळत आत सरकल्या. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखं काही नाही. जाळीखालची वेल मात्र माझा अभिमान होती. हाताच्या पंज्याएवढी पानं, लांबच लांब पेरं. एका दुपारी मी आजीला मुद्दाम ते पाहायला घेऊन आले. ती जाळीखाली वाकून शिरली, फिरली आणि बाहेर येऊन म्हणाली, "पालाच पाला. पाला इकतं काय वं?"

मोजलं तर खरंच कणसं कमी होती. मला कारण कळेना; सावली तर दोन्हीकडे होती. आजी कशी काम करते, हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. पावसाळा सरता सरता तिनं हातात विळा घेतला आणि शेवरीच्या फांद्या छाटायला लागली. मळ्यात कवडसे पडले. उरलेल्या काड्यांनी हिवाळाभर ऊन आत सोडलं, वेलींना कणसं धरली. होळीनंतर तिनं शेवरीला हातही लावला नाही. ती दाटत गेली आणि वैशाखात वर हिरवं छप्पर झालं. माझी जाळी डिसेंबरातही ५० टक्के आणि मेमध्येही ५० टक्के. आजीची सावली महिन्यागणिक बदलत होती, आणि ती बदलायचा विळा खांबाला अडकवलेला असायचा. पुढे नोकरीत मी शेतकऱ्यांच्या कितीतरी प्रशिक्षणांत 'सावली व्यवस्थापन' या विषयावर बोलले. तक्ते वगैरे माझे होते. बाकी सगळं त्या विळ्याचं.

कणसं हिरवी, पण गडद व्हायला लागली की तोडायची. पिकू दिली तर तिखटपणा जातो. मग अंगणात चार-पाच दिवस ऊन. दहा किलो ओल्या मालाचा जेमतेम दीड किलो वाळला माल होतो. आजी वाळलेली पिंपरी दाताखाली चावून पाहायची आणि मलाही द्यायची. आधी किंचित गोड, मग जिभेवर आग, मग तोंडभर पाणी. माझ्याकडे वजनकाटा होता, तरी मीही चावायला शिकले.

आता अवघड गोष्ट. बाईनं महिन्याचे चार दिवस मळ्यात यायचं नाही, हाही तिथला नेम होता. वेल जळते म्हणत. मला तो पटला नव्हता आणि आजही पटत नाही. पण मी भांडले नाही. भांडले असते तर टी-३ गेलं असतं. आजीनंच तोड काढली. तिची पाचवीतली नात शाळेत जाण्याआधी मळ्यातल्या थर्मामीटरवरचे आकडे वहीत लिहायची आणि लोहचुंबकानं त्यातल्या सुया खाली ओढून ठेवायची. तो चुंबक तिला फार आवडायचा. चार दिवसांची तिची मजुरी म्हणजे तो चुंबक एक दिवस घरी न्यायला मिळणं. मार्गदर्शकांना मी यातलं काही सांगितलं नाही. एका हातानं, एका वेळी, रोज घेतलेल्या नोंदी, असं प्रबंधात छापलं आहे.

टी-३ चं उत्पन्न सगळ्यात जास्त आलं. निष्कर्षात त्याला एक ओळ मिळाली. उसने फाटे मी परत दिले नाहीत. प्रयोग संपला, मावशीच्या शेतातल्या वेली उपटल्या गेल्या आणि मी नोकरीला लागले.

गेल्या वर्षी घर बदलताना ती नोंदवही हाती आली. दर महिन्याला चार ओळी वेगळ्या अक्षरातल्या, गोल, ठसठशीत, सात आकड्याचं पोट फुगलेलं. मावशीच्या मुलाकडून नंबर मिळवून फोन केला. आजी जाऊन बरीच वर्षं झाली. मळ्याच्या जागी संत्र्याची बाग आहे. नात आता स्वतः दोन मुलांची आई आहे. मी ऋणनिर्देशाचं बोलायला लागले, नवं पान छापून लावणार आहे, असं काहीबाही. तिनं ऐकून घेतलं. मग थोडी घुटमळून म्हणाली, "ताई, एक सांगू का? एक दिवस मी मळ्यात गेलीच नव्हती. आंब्याच्या पाडाला गेलो होतो आम्ही. तवा ३९ लिहून देल्लं होतं अंदाजानं."

फोन ठेवून मी वही उघडली. तिच्या अक्षरात ३९ पाच ठिकाणी आहे.