इटास्काच्या काठी

रेड पाइनच्या जुन्या झाडांखाली तंबू ठोकताना आधी जाणवते ती जमीन. वर्षानुवर्षं गळत राहिलेल्या सुयांचा थर इतका जाड झालेला असतो की पावलांचा आवाज त्यात जिरून जातो, आणि दिवसभर ऊन पिऊन घेतलेल्या त्या थरातून संध्याकाळी राळेचा उष्ण, किंचित कडसर गंध वर येत राहतो. मिनेसोटाच्या उत्तरेकडल्या इटास्का स्टेट पार्कमधल्या ह्या झाडांपैकी काहींनी दोनशेहून अधिक हिवाळे पाहिले आहेत. ती रुजली तेव्हा पुण्यात पेशव्यांचं राज्य होतं. बेअर पॉ कॅम्पग्राउंडवर, इटास्का तळ्याच्या अगदी काठाशी, स्टोव्हवर चहाचं आधण ठेवावं आणि त्या तांबूस खोडांकडे पाहत बसावं. पाणी उकळायला जितका वेळ लागेल तितका लागू द्यावा.

ह्याच तळ्याच्या उत्तर टोकाला मिसिसिपी उगम पावते. गुडघाभर पाण्यातून, ओळीने मांडलेल्या दगडांवर तोल सावरत मुलं ती महानदी ओलांडतात, आयांना हाका मारतात, परत ओलांडतात. काठावरच्या लाकडी खांबावर कोरलेलं आहे की इथून समुद्र 2,552 मैलांवर आहे; इथून निघालेल्या थेंबाला मेक्सिकोच्या आखातात पोचायला सुमारे 90 दिवस लागतात असं सांगतात. आपल्याकडे उगम म्हटला की गोमुख आलं, कुंड आलं, ओल्या पायऱ्या आल्या. महाबळेश्वरला कृष्णा, त्र्यंबकला गोदावरी. इथे देऊळ नाही. पण आलेला माणूस, कुठल्याही देशाचा असो, वाकून पाण्याला हात लावतोच, आणि ते पाहताना मला परकं वाटेनासं झालं. 1832 साली हेन्री स्कूलक्राफ्टने हा उगम शोधला असं पुस्तकांत असतं. त्याला इथवर घेऊन आला तो ओझाविंडिब, ओजिब्वे लोकांचा एक पुढारी. त्याच्या माणसांना हे तळं कधीचंच ठाऊक होतं. शोधाच्या गोष्टीत वाट दाखवणाऱ्याचं नाव नेहमी मागे पडतं, ह्याची रुखरुख त्या खांबापाशी उभं राहिल्यावर पुन्हा वाटली.

पण ही झाडं आणि हा काठ आपल्यापर्यंत पोचला कसा, हा विचार काही केल्या मनातून जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तरेकडची पाइनची अरण्यं झपाट्याने तोडली जात होती. जेकब ब्रॉवर नावाच्या सर्व्हेअरने ह्या भागाची मोजणी केली आणि मोजता मोजता हे रान वाचवायचा ध्यास घेतला. 1891 साली विधिमंडळाने पार्कचा ठराव मंजूर केला, तोही अवघ्या एका मताच्या फरकाने. त्या दिवशी एखाद्या सभासदाला ताप आला असता तर, असं उगाच वाटून जातं. कायदा झाला तरी तोड लगेच थांबली नाही. तोडलेले ओंडके नदीतून वाहून नेण्यासाठी बांध घातलेले होते, पाणी अडवलं की काठ बुडत होता. 1903 साली पार्कची देखरेख मेरी गिब्ज ह्या चोवीस वर्षांच्या मुलीकडे आली. बांधाची दारं उघडा असं सांगायला ती गेली तेव्हा तिच्यावर बंदूक रोखली गेली. ती मागे हटली नाही. तिच्या हाती तो कारभार काही महिनेच राहिला. आज उगमाजवळच्या केंद्राला तिचं नाव आहे.

आता मासे. सोबत आलेल्या भाचीने गळ आणला होता, लवचिक काठीचा, चकचकीत रीळ असलेला. मला आठवत होते ते आजोबा, खाडीच्या धक्क्यावर बसून नुसत्या तंगुसाने गरवणारे. काठी नाही, बॉबर नाही. तर्जनीवरून सोडलेला दोरा, आणि खाली पाण्यात कोण आहे ते त्या एका बोटाला कळायचं. ते बोलत नसत. त्यांच्या शेजारी बसून मी जे शिकलो ते मासे धरणं नव्हतंच बहुधा; काही घडत नसताना बसून राहता येणं, ते होतं. पावसाळ्यात मात्र कोळीवाड्यातल्या होड्या शाकारून ठेवलेल्या असत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही, हा रिवाज. आता मासेमारीवरची सरकारी बंदीही 1 जून ते 31 जुलै अशी आहे, कारण तोच पुष्कळशा माशांच्या विणीचा काळ.

इटास्काच्या उथळ पाण्यात जूनमध्ये तोच काळ डोळ्यांनी दिसतो. तळाच्या वाळूत परातीएवढे गोल खळगे, एकाला लागून एक, आणि प्रत्येक खळग्यावर एक ब्लूगिल नर शेपटीने पाणी हलवत पहारा देत असतो. अंड्यांवर गाळ बसू नये म्हणून. गळाला लागलेला एक मी उचलणार तोच भाची म्हणाली, "मामा, आधी हात ओला कर." कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग मासा आजारी पडतो. ओल्या तळव्यावर तो क्षणभर राहिला. नारिंगी छाती, कल्ल्यापाशी काळानिळा ठिपका, पाठीवर ताठ उभारलेले काटे, आणि संतापाने उघडझाप करणारं एवढंसं तोंड. सोडला, तर तो सरळ आपल्या खळग्याकडे गेला. मोठे नर वारंवार काढून नेले की लहान नर वयाआधीच विणीच्या मागे लागतात, त्यांची वाढ खुंटते, आणि काही वर्षांनी सबंध तळ्यात बोटभर मासेच उरतात. सगळ्यांत मोठा मासा परत पाण्यात सोडणं मन मोडणारं असतं खरं. पण तळं टिकतं ते तेवढ्यानेच.

अंधारू लागलं की वॉलआय जातीचे मासे काठाकडे येतात. त्यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा एक पापुद्रा असतो, म्हणून गढूळ काळोखातही त्यांना शिकार दिसते. आणि मग रात्री, तंबूची चेन ओढून घेतल्यावर, लूनची हाक येते. हा मिनेसोटाचा राज्यपक्षी, काळापांढरा, लाल डोळ्यांचा, पाण्यात बुडी मारायला इतका सिद्ध की पाय पार मागे गेलेले आणि जमिनीवर त्याला धड चालता येत नाही. त्याची ती लांब, चढत जाणारी आर्त हाक. दुरून दुसरा लून उत्तर देतो. मधला वेळ सगळा तळ्याचा. झोप येईना, पण ती यावी असंही वाटेना.

ह्या लूनचं एक फार वाईट वाटतं. खाल्लेलं दळण्यासाठी तो तळाचे खडे गिळतो, आणि त्यांत कुणाच्या तुटलेल्या दोऱ्याचं शिशाचं वजन असेल तर तेही गिळतो. एवढासा तुकडा त्याचा जीव घ्यायला पुरतो. ह्यात कुणाचा दुष्टपणा नाही. दोरा तुटतो, माणूस हळहळतो, नवा बांधतो. म्हणूनच सांगावंसं वाटतं. अमेरिकेत आता आपली पुष्कळ माणसं आहेत, उन्हाळ्यात तंबू घेऊन अशा तळ्यांवर जाऊ लागली आहेत, मुलांना गळ धरायला शिकवत आहेत. जरूर जा. सरपण घरून नेऊ नका, तिथलंच विकत घ्या. लाकडातून झाडांच्या किडी गावोगाव पसरतात. आणि गळाच्या पेटीतलं शिसं घरून निघण्यापूर्वीच काढून ठेवा. कथलाची वजनं दुकानांत मिळतात आणि मासे त्यांनीही लागतात.