टोपलीतील बाकी

बेरीज डोळ्यांना दिसते; वजाबाकी दिसत नाही. तीन आंब्यांशेजारी आणखी दोन आंबे ठेवले, की पाचही आंबे समोर असतात आणि पाच वर्षांचे मूल एकेकावर बोट ठेवून ते मोजू शकते. परंतु पाचांतून दोन उचलून नेले, की समोर उरतात फक्त तीन. आधी पाच होते आणि त्यांतले दोन गेले, या दोन्ही गोष्टी आता मुलाच्या मनातच राहिलेल्या असतात. जे डोळ्यांपुढे नाही त्याचा हिशेब ठेवणे, हे त्या वयात सोपे काम नव्हे.

छापील पुस्तकाची तर येथे फारच पंचाईत होते. गेलेली वस्तू कागदावर दाखवायची कशी? अंकगणिताच्या पहिल्या पुस्तकात पुष्कळदा पाच चेंडू काढून त्यांतील दोहोंवर काट मारलेली असते. मोठ्यांना ती खूण कळते. मुलाला मात्र काट मारलेला चेंडूही चेंडूच दिसतो! ते पाच मोजते आणि पाच असेच उत्तर देते. पानावर चेंडू पाचच आहेत, तेव्हा त्याच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नाही. अशा वेळी कोणी डोळे वटारले, की गणित म्हणजे मोठ्या माणसांच्या मनातले उत्तर ओळखण्याचा खेळ, अशी त्याची समजूत होते. आणि ती समजूत पुढे कित्येक वर्षे त्याची पाठ सोडत नाही.

चित्रकथेच्या पुस्तकाजवळ या अडचणीवर एक साधा उपाय असतो. त्याचे पान उलटता येते. आधीचे चित्र मागे जाते, नवे पुढे येते, आणि दोहोंच्या मध्ये काहीतरी घडून गेलेले असते.

आयलीन ब्राऊन यांचे ‘हांडाज सरप्राइझ’ हे पुस्तक १९९४ साली प्रसिद्ध झाले. गोष्ट आफ्रिकेतील केनिया देशातली आहे. हांडा नावाची मुलगी शेजारच्या गावातील अकेयो या आपल्या मैत्रिणीसाठी टोपलीत सात प्रकारची सात फळे घेते, टोपली डोक्यावर ठेवते आणि चालू लागते. यांतले कोणते फळ अकेयोला आवडेल, याच विचारात ती दंग आहे. इकडे मागून एक माकड हळूच केळे उचलते. मग शहामृग पेरू पळवते, झेब्रा संत्रे नेतो, हत्ती सोंडेने आंबा उचलतो. जिराफ, हरिण आणि पोपट हेही आपापला वाटा घेऊन जातात. मौज अशी, की या चोऱ्यांविषयी गोष्टीच्या मजकुरात अवाक्षरही नाही. त्या केवळ चित्रांत आहेत. अक्षरओळख नसलेल्या मुलाला जे ठाऊक आहे, ते हांडाला ठाऊक नाही!

जाणती शिक्षिका हे पुस्तक वाचताना घाई करीत नाही. पहिल्या वाचनात ती प्रश्नच विचारीत नाही; मुलांना पोट धरून हसू देते. दुसऱ्या वेळी पान उलटण्यापूर्वी ती टोपलीवर तळहात ठेवते आणि विचारते, “आता हत्ती आला. टोपलीत किती उरतील?” मुले बोटे मिटतात, ओठ हलवतात, चार म्हणतात, तीन म्हणतात. हात बाजूला होतो, पान उलटते, आणि उत्तर बरोबर की चूक ते चित्रच सांगते. बाईंच्या चेहऱ्याकडे पाहण्याची गरज उरत नाही.

‘वजा’ आणि ‘बाकी’ हे दोन्ही शब्द मराठीत अरबी-फारसीतून आले. पहिला गेलेल्याचा, दुसरा उरलेल्याचा. त्या जोडशब्दातील दोन्ही अर्धी या पानांवर शेजारीशेजारी नांदतात. आणि पोपटाने शेवटचे फळ नेले, की टोपली अगदी रिकामी होते. एखाद्या संख्येतून तीच संख्या वजा केली असता शून्य येते, हे ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ या ग्रंथात नियमरूपाने मांडले. बालवाडीतील मुलाला तो नियम सांगण्याचे कारण नाही. रिकामी टोपली त्याने पाहिलेली असते.

तथापि अशा पुस्तकांकडून फार अपेक्षा करू नये. फळे सगळी वेगवेगळी असल्यामुळे एखादे मूल ‘आंबा गेला’ एवढेच ध्यानात ठेवते आणि संख्येचा विचार करीतच नाही. शिवाय येथे दर वेळी एकच फळ जाते. सातांतून एकदम तीन गेले तर काय, हे पुस्तक सांगत नाही. तेथे चिंचोके किंवा खडे हाती घ्यावेच लागतात. तारাবाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे जे कार्य केले, त्यात खडे, शिंपले, बिया, पाने हीच शिक्षणाची साधने होती. महागड्या वस्तूंवाचून त्यांचे काही अडले नाही. चित्रांचे पुस्तकही घरी करता येते. चार कागद मध्ये दुमडून शिवावेत, पहिल्या पानावर झाडावर सहा पोपट काढावेत आणि पुढच्या पानांवर कधी एक, कधी दोन उडवून द्यावेत. चित्र बेताचे असले तरी धाकट्या भावंडाची तक्रार नसते.

हांडाची गोष्ट मात्र रिकाम्या टोपलीवर संपत नाही. झाडाला बांधलेला एक बोकड दोरी तोडून धावत येतो आणि टँजेरीन नावाच्या लहान संत्र्यांच्या झाडाला धडक देतो. फळांचा वर्षाव होतो, टोपली काठोकाठ भरते, आणि ते फळ नेमके अकेयोच्या फार आवडीचे निघते. यानंतर मुले बहुधा एक गोष्ट आपण होऊन करतात. ती पुस्तक उलटीकडून चाळू लागतात. पोपट फळ परत आणून ठेवतो, हरिण ठेवते, जिराफ ठेवतो, हत्ती आंबा टोपलीत सोडतो. आणि मुले मोठ्याने मोजत असतात : एक, दोन, तीन, चार...